वारसा गल्लीचा, भुर्दंड गावाचा

मर्व ट्रेलोअरला इतिहासाची आवड लागली ती टोमॅटोंमुळे.

तोवर त्याचं इतिहासाचं ज्ञान पेनहेल गावातल्या चारचौघांइतकंच होतं. पूर्वी इथे तांब्याची खाण होती, ती खणायला सातासमुद्रापलीकडच्या कॉर्नवॉलहून माणसं आली, त्यांनी दगडाची बुटकी घरं बांधली, पुढे तांबं संपलं आणि माणसं उरली. मर्व त्या उरलेल्यांपैकी. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेला, हातापायांनी धडधाकट, आणि आपल्या मताबद्दल आयुष्यात एकदाही शंका न आलेला माणूस. अशा माणसाला निवृत्ती मानवत नाही. त्याच्या बायकोला तर ती मुळीच मानवत नाही.

शेजारी राहायचा तासो कालूदिस. उभी हयात मासे आणि बटाटे तळण्यात घालवून त्याने दुकान विकलं होतं, आणि आता अ‍ॅडलेडहून सुट्टीला येणाऱ्या नातवंडांसाठी घरावर एक मजला चढवायचं त्याच्या मनात होतं. एका रविवारी कुंपणावरून त्याने मर्वला नकाशा दाखवला. वर गच्ची, गच्चीला पांढरेशुभ्र गोल खांब, खाली फाटकाशी सिमेंटचे दोन सिंह.

“कसं वाटतंय?” तासोने विचारलं.

“झकास,” मर्व म्हणाला. सिंहांकडे त्याचं लक्षच नव्हतं. तासोचं घर त्याच्या उत्तरेला, आणि दक्षिण गोलार्धातल्या त्या मुलखात ऊन यायचं ते उत्तरेकडूनच. नव्या मजल्याची सावली नेमकी कुठे पडणार, हे सुतारकामाच्या मास्तराला नकाशावरूनच दिसलं. ती त्याच्या टोमॅटोंच्या वाफ्यावर ऐसपैस आडवी होणार होती.

घरात येऊन त्याने हे संकट बायकोच्या, ग्लेनिसच्या, कानावर घातलं.

“मग त्याला सांग ना सरळ,” ग्लेनिस म्हणाली. “मजला जरा पलीकडे सरकव म्हणावं.”

“असं कसं सांगणार? शेजारी आहे तो. वाईट वाटेल त्याला.”

यात मर्वचा काही दोष नाही. पेनहेलची रीतच तशी आहे. शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणणं तिथे रानटीपणाचं समजतात. त्याच्या पाठीमागे सरकारकडे अर्ज करणं मात्र सभ्य माणसाला शोभतं. मर्व सभ्य होता. तो वाचनालयात जाऊन बसला आणि आठवडाभरात त्याला हवं ते सापडलं. एखादी गल्ली ‘संरक्षित वारसा विभाग’ म्हणून जाहीर झाली, की तिथल्या घरांवर मजला चढवणं तर सोडाच, दाराचा रंग बदलायलाही परवानगी लागते. मर्वला पूर्वजांबद्दल एकदम भरून आलं.

गावच्या विकास मंडळाच्या सभेत त्याने भाषण केलं. या दगडांमध्ये आपल्या पणजोबांचा घाम मुरलाय, वगैरे. पणजोबा खाणीत तीन महिने राबून पळाला होता आणि पुढे त्याने दारूचा गुत्ता काढला होता, पण घाम गुत्त्यातही येतोच. भाषण बरंच लांबलं. चहा निवायला लागला होता, शेजारच्या टेबलावर खोबऱ्याचा कीस लावलेले केक दिसत होते, तेव्हा गल्लीसाठी अर्ज करायचा ठराव मताला टाकताच सगळ्यांनी झटकन हात वर केले. सर्वांत वर हात होता तो तासोचा.

“आम्हा ग्रीकांना जुन्या दगडांचं महत्त्व शिकवायला नको,” बाहेर पडताना मर्वच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला. “छान बोललास गड्या.”

मर्वला त्या रात्री झोप जरा उशिरा लागली. पण लागली.

ग्लेनिसला या भानगडीत पडायला सवड नव्हती. तिच्या उजव्या खुब्याचा सांधा झिजला होता. सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी नाव घातलेलं, पण तिथली रांग हलायचं नाव घेत नव्हती. तोवर रोज पोहायचं, नाहीतर लवकरच चाकांची खुर्ची घ्यावी लागेल, असं डॉक्टरने स्वच्छ सांगून ठेवलं होतं. तेव्हा उन्हाळ्याचा मोसम सुरू झाला की ग्लेनिस, बेव्ह आणि जॉय या तिघी मैत्रिणी सकाळी उठून गावच्या तलावावर जायच्या. युद्धात गेलेल्या पोरांच्या आठवणीसाठी गावाने श्रमदानाने खणलेला तो पोहण्याचा तलाव. दाराशी त्या पोरांची नावं कोरलेली, आत थंडगार पाणी. जमिनीवर लंगडणारी ग्लेनिस पाण्यात उतरली की शाळकरी मुलीसारखी सुळकन जायची. मर्व कधी बरोबर गेला नाही. थंड पाण्याचं आणि त्याचं लहानपणापासून वाकडं होतं.

अर्जावर पुढे काय झालं, हे कळायला वर्ष गेलं. सरकारची कामं सावकाश होतात ही समजूत चुकीची आहे. ज्यांनी नुकसान होणार असतं ती वेळेवर होतात. गल्ली वारसा ठरली, आणि तिचा अभ्यास करायला नगरपरिषदेच्या खर्चाने अ‍ॅडलेडहून एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांचं नाव इमोजेन पार्टरिज. पायात जाडजूड बूट, गळ्यात भिंग, कानामागे पेन्सिल. स्वभावाने इतकी गोड बाई पेनहेलने क्वचितच पाहिली असेल. अडचण एवढीच, की गावकऱ्यांना ज्याची लाज वाटायची ते सगळं पाहून तिला उचंबळून यायचं. गंजलेला पत्रा दिसला की ती थबकायची. बेव्हच्या मागच्या अंगणातला मोडका संडास पाहून तर तिने बेव्हचे दोन्ही हात हातात घेतले.

तासोला मजल्याची परवानगी नाकारली गेली. ते व्हायचंच होतं. पण इमोजेनचा अहवाल पुढेही चालू होता, आणि मर्वच्या घरासमोर येऊन तो थांबला. आपल्या चार खिडक्यांना मर्वने स्वतःच्या हातांनी अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी बसवल्या होत्या. वीस वर्षं तो त्या पाहुण्यांना दाखवत आला होता. अहवालात त्यांच्यासाठी एकच शब्द होता: बाधक.

“बाधक म्हणजे?” मर्वने कोरड्या आवाजात विचारलं.

“म्हणजे, घराच्या मूळ स्वभावाला न शोभणाऱ्या,” इमोजेन समजुतीच्या सुरात म्हणाली. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मर्विन. कुठल्यातरी अडाणी माणसाने बसवल्या असतील, आधीच्या मालकाने वगैरे.”

“वगैरे,” मर्व म्हणाला.

ग्लेनिस स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ पाण्याचा नळ सोडून उभी राहिली. नळ सोडला की हसण्याचा आवाज बाहेर येत नाही.

इथवर नुकसान घरगुती होतं. पण वारसा नुसता जाहीर करून भागत नाही, तो दिसावाही लागतो, आणि दिसण्याचा खर्च नगरपरिषदेच्या माथी. राज्य सरकार फक्त पाटी देतं. ती लावायला खांब आपला. इमोजेनने कुठूनसा गल्लीचा जुना फोटो पैदा केला, आणि नगरपरिषद गल्लीला त्या फोटोसारखी करायच्या मागे लागली. फोटोत डांबर नव्हतं, म्हणून चांगला डांबरी पदपथ उखडून बारीक खडी पसरली. तिच्यात पोस्टमनची सायकल रुतायची आणि ग्लेनिसची काठी वीतभर आत जायची. फोटोत विजेचे दिवे नव्हते, म्हणून ते काढून जुन्या घाटाचे कंदील लावले. आत बल्बच होता, पण अस्सल वाटावा म्हणून इतका मिणमिणता, की संध्याकाळी लोक कंदील कुठे आहे ते बघायला विजेऱ्या घेऊन निघायचे. जॉय त्या खडीत दोनदा पडली. दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिने मर्वच्या पणजोबाचा उद्धार केला.

फोटोत एक झाडही होतं. मर्व आणि तासोच्या घरांमधल्या बोळाच्या तोंडाशी, लोंबत्या फांद्यांचं, पेपरट्री म्हणतात ते. मर्वने त्याचा फार विचार केला नव्हता. रोप लावतील, पंधरावीस वर्षांनी वाढेल, तेव्हा आपण असू-नसू. पण रोपाने फोटोचा आभास होत नाही, असं अहवालात लिहिलेलं होतं. एका सकाळी भलामोठा ट्रक आला, मागून क्रेन आली, वाहतूक अडवायला चार माणसं आली आणि त्यांना चहा देणारा पाचवा आला. पुरं वाढलेलं, मुळांसकट गोणपाटात बांधलेलं झाड हवेतून तरंगत बोळाच्या तोंडाशी उतरलं. मर्वच्या वाफ्याच्या बरोबर उत्तरेला.

तासो कुंपणावर कोपरं टेकून हा सोहळा बघत होता.

“सुंदर आहे रे,” तो म्हणाला. “माझा मजला एवढा उंच नसता झाला.”

मर्व वाफ्याकडे बघत राहिला. दुपारचे बारा वाजले होते आणि त्याचे टोमॅटो गडद सावलीत बसले होते.

हिवाळा सरता सरता नगरपरिषदेची जाहीर सभा झाली. नगराध्यक्ष डॅरिल कॉब हा एरवी टायरचं दुकान चालवणारा, थोडक्यात बोलणारा माणूस. त्या दिवशी तो आणखीच थोडक्यात बोलला. तलावाचा गाळणी-पंप कायमचा बंद पडलाय. नवा घ्यायचा होता, पण देखभालीचा सगळा निधी खडी, कंदील आणि झाडाकडे गेला. या मोसमात तलाव उघडणार नाही. पुढच्या मोसमाचंही सांगता येत नाही. बुजवून गाड्या लावायला जागा करावी, अशीही एक सूचना आहे. पर्यटकांची सोय होईल.

सभेत कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मर्वला बरं वाटलं असतं. नुसत्या खुर्च्या करकरल्या आणि सगळ्या माना हळूहळू त्याच्याकडे वळल्या.

“आपल्या वारशासाठी थोडी झळ तर सोसावीच लागते,” असं वाक्य त्याने घरून तयार करून आणलं होतं. ते त्याने गिळलं. शेजारी ग्लेनिस दोन्ही हात काठीवर ठेवून सरळ समोर बघत होती. हिवाळाभर पाणी नसल्यामुळे तिचा खुबा पार आखडला होता. खुर्चीतून उठताना ती हल्ली आधी मनातल्या मनात तयारी करायची. डॉक्टरने सांगितलेल्या त्या चाकांच्या खुर्चीचा मर्वने आजवर गंमत म्हणूनसुद्धा विचार केला नव्हता. आता तो डोक्यातून जाईना.

घरी गेल्यावर तिने पास्टी केल्या. पास्टी म्हणजे खाणकामगारांची शिदोरी, मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा कंद भरून भाजलेली तळहाताएवढी करंजी. मर्वने पहिला घास घेतला आणि त्याचे जबडे थांबले. आत गाजर होतं.

हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. पेनहेलमध्ये नवऱ्याला शिव्या देऊन, माहेरी जाऊन, प्रसंगी बशी फेकूनही संसार टिकलेले आहेत. पास्टीत गाजर घालणं हे त्याच्या पलीकडचं. मर्वच्या आजीने शेवटच्या आजारात गाजराची पास्टी परत पाठवली होती. एकेचाळीस वर्षांच्या संसारात ग्लेनिसने हे हत्यार कधी उपसलं नव्हतं. मर्वने मान खाली घालून अख्खी पास्टी संपवली आणि वर “छान झालीय” म्हणाला, यावरून त्याची अवस्था ध्यानात यावी.

दुसऱ्या दिवशी तो कुंपणाशी उभा असताना ग्लेनिस पायऱ्यांवर आली आणि तासोला म्हणाली, “तासो, तुझा मजला अडवायचा म्हणून केलं हो याने सगळं. टोमॅटोंना सावली येईल म्हणून.”

मर्वला वाटलं, झाडाच्या मुळाशी खड्डा आहे त्यात उतरावं.

तासोने तोंडातली काडी काढली. राग यावा की हसावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

“टोमॅटो?” तो शेवटी म्हणाला. “अरे लेका, एकदा म्हणायचंस! मला काय, मी मजला त्या बाजूला घेतला असता. उलट तिकडून टेकडी दिसते.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

“मग आता मला काय गुदगुल्या होतायत?”

तासोने नंतर दोन आठवडे त्याला ‘इतिहासकार’ म्हणून हाक मारली आणि मग आपोआप राग विसरला. मासे तळणाऱ्या माणसाला राग धरून ठेवता येत नाही, गिऱ्हाईक समोर उभं असतं.

मर्वला कायदा एकच येत होता, आणि बुडत्या माणसाने तोच धरला. तो पुन्हा वाचनालयात गेला. गल्ली वारसा होऊ शकते, तर तलाव का नाही? युद्धस्मारक आहे, गावाने हातांनी खणलाय, दाराशी नावं आहेत. आणि एकदा वारसा म्हटलं, की बुजवायला बंदी, दुर्लक्षित ठेवायला बंदी.

“तू अजून एक अर्ज करणार?” नगराध्यक्ष डॅरिलने विचारलं. तो तेव्हा एका टायरमध्ये डोकं घालून होता, ते त्याने बाहेर काढलं नाही.

“करणार.”

“मर्व, तुझा पहिलाच अर्ज अजून आम्ही फेडतोय. पंपाचे पैसे कुठून आणू?”

“गल्लीच्या दुसऱ्या टप्प्यातून. उरलेले कंदील रद्द कर. खडी पण.”

“दुसऱ्या टप्प्यात ती पितळी पाटी आहे,” डॅरिल टायरमधून म्हणाला. “‘मर्विन ट्रेलोअर यांच्या प्रेरणेने.’ तुझ्या नावाची.”

मर्वला ती पाटी ठाऊक होती. अक्षरांचा नमुना त्यानेच निवडला होता. आरशात बघताना तो हल्ली स्वतःकडे पाटीच्या दृष्टीने बघायचा. त्याने एकदा घसा साफ केला.

“ती पण,” तो म्हणाला.

डॅरिलने तेव्हा डोकं बाहेर काढलं.

इमोजेन तपासणीला सोमवारी येणार असं कळलं आणि पेनहेलने तेच केलं जे पेनहेल पाहुणा येणार म्हटल्यावर नेहमी करतं. शनिवारी अख्खं गाव श्रमदानाला जमलं. एका बाजूला सॉसेज भाजली जात होती, दुसऱ्या बाजूला घासणं-पुसणं. कपडे बदलायच्या खोल्यांना चकचकीत पांढरा रंग फासला. दारावरचा गंज खरवडून काढला. मर्व आणि तासो या दोघांनी पाण्यात उतरायच्या उभ्या, अरुंद पायऱ्यांना ग्लेनिससाठी एक लखलखीत पोलादी कठडा बसवला. गेल्या वर्षी ती कशीबशी नुसत्या पायऱ्यांवरून उतरायची. आता धरायला काही नसेल तर पाण्याशी पोचणंच शक्य नव्हतं. मर्वने कठड्याला लोंबकळून पाहिलं. हलला नाही. त्या रात्री जेवणात पास्टी होती आणि तिच्यात गाजर नव्हतं.

सोमवारी इमोजेन आली. तलावाच्या काठावर पालथी पडून तिने फरशा पाहिल्या. दाराशी कोरलेली नावं तिने मोठ्याने, एकेक करून वाचली. वाचताना तिचा आवाज बदलला, आणि तेव्हा मर्वला ती बाई पहिल्यांदा मनापासून आवडली. मग ती कपडे बदलायच्या खोल्यांशी आली आणि भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

“हे कोणी केलं?” तिने विचारलं.

“आम्ही,” सगळे अभिमानाने म्हणाले.

“याखाली मूळ फिकट हिरवा रंग होता.”

“फार वाईट दिसायचा,” बेव्हने धीर दिला. “पोपडे निघालेले. आता काळजी नको.”

इमोजेनने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच तिने, पांढरा रंग काळजीपूर्वक काढून घ्यावा लागेल, असं सांगितलं. तरीही तिचं मत पक्कं झालं होतं. तलाव वारसाच होता. एवढंच नाही, अहवालात तिने लिहिलं, की पाणी भरलेलं असणं आणि त्यात गावातली माणसं पोहत असणं, हाच या वास्तूचा प्राण. नगरपरिषदेला तो रिकामा ठेवता येणार नाही. हे ऐकून जॉयने तिला मिठी मारली. पंप आला, पाणी भरलं, आणि बुजवायची सूचना असल्यामुळे या वेळी वारसाही तातडीने जाहीर झाला. पाणी कोमट करायची सोय मात्र यापुढे कधीही करता येणार नव्हती, कारण थंडी मूळची होती.

आणि कठडा काढायचा होता.

“तो बाधक आहे,” इमोजेन म्हणाली.

“तो माझ्या बायकोसाठी आहे,” मर्व म्हणाला.

“मला कळतंय. तुम्ही रीतसर अर्ज करा. नकाशे, हरकती, सुनावणी. मी स्वतः शिफारस करीन.” तिचा चेहरा खरोखरच पडला होता. “पण पुढचा हिवाळा येईल तोवर.”

“तोवर ती काय करणार?”

इमोजेनने पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली. नियम तिला तोंडपाठ होते आणि त्यांतली एखादी फट शोधण्याचा ती प्रामाणिक प्रयत्न करत होती. “एखादी गोष्ट तात्पुरती असेल,” ती सावकाश म्हणाली, “वास्तूला जोडलेली नसेल, आणि काम झालं की उचलून नेता येत असेल, तर तिला परवानगी लागत नाही.”

मर्वने घरी जाऊन सुटा लाकडी कठडा बनवला. सांधे असे बेमालूम, की शाळेत असता तर स्वतःलाच पैकीच्या पैकी दिले असते. तो पायऱ्यांवर उभा करून पहिली चाचणी तासोवर झाली. तासोने एक पाय पायरीवर ठेवला, हात कठड्यावर ठेवला, आणि क्षणात तासो व कठडा दोघेही पाण्यात गेले. कठडा आधी वर आला.

“लाकूड उत्तम आहे,” तासो तोंडातलं पाणी थुंकत म्हणाला. “तरंगतंय.”

मोसम उघडायच्या सकाळी ग्लेनिस पोहायचे कपडे चढवून काठाशी आली खरी, पण फक्त बघायला. बेव्ह आणि जॉय उतरतील, आपण पाय सोडून बसू, असं तिने ठरवलं होतं. काठीवर भार देत ती पायऱ्यांपाशी आली आणि थांबली. पायऱ्यांच्या तळाशी, छातीपर्यंत पाण्यात, मर्व उभा होता. ओठ जांभळे पडले होते. दुसऱ्या बाजूला तासो उभा होता, त्याला मर्वने काय सांगून आणलं होतं देव जाणे, पण तो ग्रीक भाषेत काहीतरी पुटपुटत होता आणि ते स्तोत्र नव्हतं.

“हे काय चाललंय?” ग्लेनिसने विचारलं.

“कठडा,” मर्व म्हणाला. दात वाजत होते म्हणून त्याला तो शब्द दोनदा म्हणावा लागला. “वास्तूला जोडलेला नाही. पोहून झालं की नेता येतो.”

“तुला थंड पाणी सोसत नाही.”

“नाहीच सोसत. लवकर ये.”

ग्लेनिसने काठी खाली ठेवली, पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि वाकून मर्वच्या खांद्यावर हात टेकला. मर्वने लाकडाचं वजन तोलण्यात जन्म काढला होता. पण त्या हाताचा भार त्याच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त होता. सगळं अंगच तिने त्या एका हातावर टाकलं होतं. इतकं दुखतं, हे ती कधी बोलली नव्हती आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याला एकदम फार लाज वाटली, आणि त्याने पाय फरशीवर घट्ट रोवले.

ती एकेक पायरी उतरली. पाणी कमरेशी आलं तसा खांद्यावरचा भार उतरत गेला, आणि मग हातच उचलला गेला. तिने अंग पुढे झोकलं आणि सुळकन निघून गेली. मर्व तिच्याकडे बघत राहिला. थंडी तेवढीच होती, पण तो सुखात होता.

“आटप, आम्ही पण आहोत,” वरून बेव्ह म्हणाली आणि तिने हात तासोच्या टकलावर ठेवला. मागे जॉय उभी होती. जॉयच्या मागे गावातल्या आणखी चार म्हाताऱ्या टॉवेल घेऊन रांगेत उभ्या होत्या. बातमी पसरायला पेनहेलमध्ये वेळ लागत नाही.

“रोज का?” तासोने हळूच विचारलं.

“पुढच्या हिवाळ्यापर्यंत,” मर्व म्हणाला.

ग्लेनिस तलावाची दुसरी कड गाठून परत आली. केस निथळत होते, गाल लाल झाले होते. वर चढण्यापूर्वी तिने पुन्हा त्याचा खांदा धरला आणि तिथेच जरा दम खात थांबली.

“हलू नकोस,” ती म्हणाली.

मर्व हलला नाही.